जोसेफ टॉयनबी : कानाची वाट शोधणारा शल्यवैद्य

बालाघाटहून बैहरकडे निघालेली मोटार गांगुलपाऱ्याचा घाट चढू लागली म्हणजे कानांत दडे बसतात, शेजारी बसलेल्या माणसाचे बोलणे दुरून आल्यासारखे वाटते आणि मग एखादा आवंढा गिळताच कानात टक् असा बारीक आवाज होऊन सारे पूर्ववत् होते. हा अनुभव आम्हां सर्वांस आहे. ज्यांचे वडील अथवा काका भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत कामास जातात त्यांस तो रोजचा आहे. पिंजरा झपाट्याने खाली उतरू लागला की कानांवर दाब येतो आणि जुने कामगार नव्यांस थुंकी गिळण्यास सांगतात. ही युक्ती कोणी शोधली असे विचारल्यास उत्तर देता येणार नाही, कारण ती माणसाला फार पूर्वीपासून अवगत असावी. परंतु आवंढा गिळल्याने कानात नेमके काय घडते, हे ज्याने प्रथम नीट पारखून सांगितले तो मनुष्य मात्र इतिहासास ठाऊक आहे. त्याचे नाव जोसेफ टॉयनबी. पुढे त्याच्या नातवाने या आडनावास जगभर कीर्ती मिळवून दिली, आणि आजोबा मात्र वैद्यकाच्या ग्रंथांपुरते उरले. ही उणीव अल्पशी भरून काढावी म्हणून हा लेख.

चरित्राकडे वळण्यापूर्वी ज्या वाटेचा त्यांनी आयुष्यभर मागोवा घेतला ती वाट पाहिली पाहिजे. कानाच्या पडद्याच्या आतल्या बाजूस हवेने भरलेली एक लहानशी पोकळी असते. तीत हातोडी, ऐरण आणि रिकीब या नावांची तीन चिमुकली हाडे असतात. या पोकळीतून एक अरुंद नळी निघून नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. तिची लांबी सुमारे साडेतीन सेंटिमीटर. सोळाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ युस्टेशियस याने तिचे बारकाईने वर्णन केले, म्हणून तिला युस्टेशियन नलिका म्हणतात. आपण कंठकर्णनलिका म्हणू. पडद्याच्या बाहेरील व आतील हवेचा दाब समान राहिला तरच पडदा मोकळेपणे कंप पावतो, आणि हा समतोल राखण्याचे काम या नळीकडे आहे. मात्र ती सदैव उघडी असते की सदैव मिटलेली, याबद्दल युस्टेशियसनंतर जवळजवळ तीनशे वर्षे कोणी निश्चयाने सांगू शकत नव्हते. बहुतेकांची समजूत ती उघडीच असते अशी होती.

जोसेफचा जन्म ३० डिसेंबर १८१५ रोजी इंग्लंडातील लिंकनशर परगण्यातील हेकिंग्टन या गावी झाला. आपल्याकडे पेशवाई बुडण्यास तेव्हा तीन वर्षे अवकाश होता. वडील मोठे शेतकरी होते. घर मुलाबाळांनी भरलेले. किंग्ज लिन येथील शाळेत शिक्षण झाल्यावर वयाच्या सतराव्या वर्षी या मुलास लंडनमध्ये एका दवाखान्यातील वैद्याच्या हाताखाली उमेदवारीस ठेवण्यात आले. त्या काळी वैद्यक शिकण्याची हीच रीत होती. सोहो भागातील तो दवाखाना गोरगरिबांसाठी होता. तेथे खाटा नव्हत्या. रोगी येत, औषध घेत आणि घरी जात. ज्यास आज आपण बाह्यरुग्ण विभाग म्हणतो, त्या स्वरूपाच्या जागी या तरुणाने रोगी पाहण्याचे पहिले धडे घेतले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दवाखान्याच्या दारात रांग लावून उभ्या राहणाऱ्या माणसांचा त्यांना पुढेही कधी विसर पडला नाही.

दिवसा दवाखाना आणि उरलेल्या वेळी शवविच्छेदन असा त्यांचा क्रम होता. शरीररचनेचे त्यांना विलक्षण वेड. विद्यार्थिदशेतच, १८३६ च्या सुमारास, लॅन्सेट या वैद्यक पत्रात केवळ आद्याक्षरांच्या सहीने त्यांची पत्रे येऊ लागली होती. १८३८ साली ते शल्यवैद्यांच्या राजविद्यालयाचे सभासद झाले आणि तेथील हंटर संग्रहालयात रिचर्ड ओवेन या थोर प्राणिशास्त्रज्ञाचे साहाय्यक म्हणून काम पाहू लागले. याच काळात त्यांनी एक अवघड प्रश्न हाती घेतला. डोळ्याचे बुबुळ, सांध्यांवरील कूर्चा यांसारख्या ज्या भागांत रक्तवाहिन्या नसतात त्यांचे पोषण कसे होते? या संशोधनाबद्दल १८४२ साली रॉयल सोसायटीने त्यांस आपले सदस्यत्व दिले. तेव्हा त्यांचे वय अवघे सव्वीस होते. अशा मनुष्याने प्रतिष्ठेचा कोणताही मार्ग निवडला असता तर तो त्यांस मोकळा होता. त्यांनी कान निवडला.

या निवडीचे नवल आजच्या वाचकास कळणार नाही. त्या काळी कानाचा वैद्य म्हणजे बहुधा भोंदू, अशी लोकांची आणि इतर वैद्यांचीही समजूत होती, आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. बहिरेपणावर तेले, धुऱ्या, कानामागे फोड आणणारी लेपे आणि विजेचे झटके असे उपचार वाटेल तसे होत. कानात काय बिघडले आहे हेच ठाऊक नसल्यावर दुसरे काय होणार? डोळा बाहेरून दिसतो. कानाचे मुख्य यंत्र कवटीतील सर्वांत कठीण हाडात दडलेले असते. जिवंत माणसात ते पाहता येत नाही आणि मेल्यावर पाहण्याचे कष्ट कोणी घेत नसे.

टॉयनबी यांनी ते कष्ट घेतले. दवाखान्यात व इस्पितळांत मरण पावलेल्या माणसांचे कान मिळवून, करवतीने ते कठीण हाड कापून, एकेका कानाची त्यांनी तपासणी आरंभली. मनुष्य जिवंत असता त्यास किती ऐकू येत होते, कानात कोणते नाद होत होते, हे शक्य तेथे आधी टिपून ठेवावयाचे आणि मग आत काय सापडते ते त्याच्याशी ताडून पाहावयाचे, अशी त्यांची पद्धत होती. असे सुमारे दोन हजार कान त्यांनी स्वतःच्या हाताने विच्छेदिले. एका कानास लागणारा वेळ आणि चिकाटी लक्षात घेता ही संख्या वाचून आम्हांस तरी स्तंभित व्हावयास होते. १८५७ साली त्यांनी या संग्रहाची वर्णनात्मक सूची छापली आणि १८६० मध्ये कर्णरोगांवरील त्यांचा प्रमुख ग्रंथ बाहेर पडला. त्याचे तीनच वर्षांत जर्मन भाषांतर झाले. इंग्लंडात कर्णरोगशास्त्रास खरा पाया या ग्रंथाने घातला.

या विच्छेदनांतून एक महत्त्वाची गोष्ट उजेडात आली. पुष्कळ बहिऱ्या माणसांत पडदा धड, मज्जातंतूही धड, पण रिकिबीचे हाड आपल्या खिडकीत घट्ट रुतून बसलेले असे. वार्धक्यातील किंवा घराण्यात चालत आलेल्या बहिरेपणास नेहमी मज्जातंतूच जबाबदार धरणाऱ्या वैद्यांना हा मोठाच धक्का होता. त्या काळी या हाडावर उपाय नव्हता. विसाव्या शतकात मात्र तेच हाड काढून कृत्रिम दांडी बसविण्याची शस्त्रक्रिया रूढ झाली आणि असंख्य लोकांस पुन्हा ऐकू येऊ लागले.

आता कंठकर्णनलिकेकडे वळू. टॉयनबी यांचा प्रयोग इतका साधा आहे की वर्गातील प्रत्येकास तो बसल्या जागी करून पाहता येईल. बोटांनी नाकपुड्या मिटाव्या, तोंड बंद ठेवावे आणि आवंढा गिळावा. कानांत भरल्यासारखे वाटते. नाक सोडले तरी ती जाणीव कित्येकदा तशीच राहते आणि नाक मोकळे ठेवून पुन्हा गिळल्यावर जाते. यावरून त्यांनी असे अनुमान काढले की नळी एरवी मिटलेली असते. गिळताना टाळूचे स्नायू तिला क्षणभर उघडतात आणि लगेच ती मिटते. या स्नायूंवरील त्यांचा निबंध १८५३ साली रॉयल सोसायटीपुढे आला. रोग्याच्या कानात एक टोक व वैद्याच्या कानात दुसरे टोक अशी रबराची एक नळीही ते वापरीत. रोग्यास गिळावयास सांगून वैद्याने कान देऊन ऐकावे; बारीकसा टक् आवाज आला तर वाट खुली आहे असे समजावे. ना चाकू, ना वेदना, ना खर्च. दवाखान्यातील रांगेस शोभेल अशीच ही तपासणी होती. नाक मिटून गिळण्याची ही क्रिया आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

परंतु विज्ञानात एकाचे म्हणणे दुसरा तपासल्याशिवाय सोडीत नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास कॉर्नवॉल परगण्यात जेम्स जॅगो नावाचे एक वैद्य होते. तेही टॉयनबींप्रमाणे १८१५ सालीच जन्मलेले. त्यांच्या स्वतःच्याच कानाची नळी मिटत नसे. आपला श्वास वाऱ्यासारखा आपल्याच कानात घोंघावतो, आपलाच आवाज रिकाम्या रांजणात बोलावे तसा आत घुमतो, असा त्यांचा अनुभव होता आणि १८५८ पासून त्यांनी तो लिहून प्रसिद्ध केला. नळी मिटलेलीच असते या सिद्धान्तास हे जिवंत आव्हान होते. पुढे १८६४ साली जर्मनीत हाले येथील श्वार्ट्झ या वैद्याने श्वासासरशी कानाचा पडदा आतबाहेर हलताना प्रत्यक्ष पाहून नोंदविला. आज मागे वळून पाहता निवाडा सोपा वाटतो. निरोगी माणसाबद्दल टॉयनबी बरोबर होते. जॅगो यांनी वर्णिली ती विकृती होती, आणि ती त्यांनी इतकी सचोटीने वर्णिली की तीवरूनच निरोगी नळी मिटून असण्याचे मोल कळले.

या विकारास आपण उघडी कंठकर्णनलिका म्हणू. याचे रोगी फार नसले तरी आहेत, आणि त्यांची ओळख उशिरा पटते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. नळीभोवती मेदाची एक मऊ गादी असते. तिच्या दाबाने नळी मिटून राहते. आजारपणाने किंवा अति उपासाने मनुष्य झपाट्याने वाळला तर ती गादीही झिजते आणि नळी उघडी पडते. गरोदरपणात, शरीरातील पाणी कमी झाल्यास, काही स्नायूंच्या रोगांतही असे घडते. रोगी सांगतो की कान बंद झाल्यासारखा वाटतो. येथेच घोटाळा होतो. सर्दीने तुंबलेल्या कानाचा रोगीही नेमके हेच शब्द वापरतो. मग घाईत असलेला वैद्य नाक मोकळे करणारे, सूज उतरविणारे थेंब देतो आणि आधीच उघडी असलेली वाट आणखी उघडते. खूण एवढीच की उघड्या नळीच्या रोग्यास आडवे झाल्यावर किंवा डोके गुडघ्यांत घातल्यावर बरे वाटते, कारण तेव्हा तेथील रक्तवाहिन्या भरून नळी मिटते. म्हणून त्यास टेबलावर निजवून तपासू नये. बसवून, एक नाकपुडी मिटून, दुसरीने जोराने श्वास घ्यावयास लावावे आणि कानाच्या पडद्यावर नजर ठेवावी. पडदा श्वासाबरोबर हलला की निदान झाले.

उपचारही बहुतेकदा दवाखान्यातच होण्याजोगा असतो. प्रथम रोग्यास धीर द्यावा लागतो, कारण रात्रंदिवस स्वतःचा श्वास ऐकून कित्येकांस आपण भ्रमिष्ट होऊ की काय अशी भीती वाटू लागलेली असते. पाणी भरपूर प्यावे, गेलेले वजन पुन्हा मिळवावे, सर्दीचे थेंब व लघवी वाढविणारी औषधे वैद्याच्या सल्ल्याने बंद करावी, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब सोडावे. पुष्कळांस एवढ्याने आराम पडतो. न पडल्यास वैद्य पडद्यावर कागदाचा किंवा चिकटमातीसारख्या पदार्थाचा बारीक तुकडा ठेवून त्याचे हलणे कमी करतात. त्याहून पुढच्या पायरीवर नळीच्या तोंडाशी भराव घालणे किंवा तीत सिलिकोनचे बूच बसविणे असे उपाय आहेत. ते निवडक रोग्यांसाठीच. एका सवयीपासून मात्र अशा रोग्यास परावृत्त करावे लागते. नाक जोराने आत ओढल्यास नळी क्षणभर मिटते व बरे वाटते, म्हणून काहीजण दिवसभर नाक ओढीत राहतात. त्याने पडदा आत खेचला जाऊन कालांतराने कानास कायमची इजा होऊ शकते.

टॉयनबी यांच्या हयातीत यांतील फारच थोडे उपलब्ध होते. त्यांची धडपड मात्र याच दिशेची होती. इस्पितळात न निजवता, साध्या साधनांनी, कमी खर्चात रोग्यास काही देता येईल काय, ही. फाटलेल्या पडद्याच्या जागी रबराची पातळ चकती चांदीच्या तारेला लावून रोग्याने स्वतःच कानात बसवावी, असा कृत्रिम पडदा त्यांनी १८५३ साली पुढे आणला. याआधी यिअर्स्ली नावाच्या वैद्याने ओल्या कापसाच्या गोळीने हेच काम साधले होते, आणि श्रेय कोणाचे यावरून उभयतांत वाद झाला. आम्हांस वाटते की कापसाची गोळी आधीची हे मान्यच केले पाहिजे. टॉयनबी यांची थोरवी त्या चकतीवर अवलंबून नाही.

सेंट जॉर्ज व सेंट जेम्स दवाखान्यात ते शल्यवैद्य होते. औषध देऊन भागत नाही, घरी रोग्यास अन्न, पांघरूण आणि शुद्ध हवाही लागते, हे पाहून त्यांनी तेथे गरीब रोग्यांच्या मदतीसाठी एक निधी उभारला. मजुरांच्या कोंदट खोल्यांत हवा खेळती कशी राहील याचा त्यांनी अभ्यास केला व शहरांच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळापुढे साक्षही दिली. लंडनमध्ये सेंट मेरी इस्पितळ नव्याने निघाले तेव्हा तेथे कर्णरोगांचे शल्यवैद्य व व्याख्याते म्हणून त्यांची नेमणूक झाली. एवढ्या मोठ्या इस्पितळात कानासाठी स्वतंत्र वैद्य असणे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली निघाले, म्हणजे आपल्याकडे नव्या वैद्यकाची नुकती सुरुवात होत होती तोच हा काळ. व्हिएन्नाहून ॲडम पोलिट्झर हे तरुण वैद्य त्यांच्याकडे शिकावयास आले. पुढे तेच युरोपातील या शास्त्राचे अग्रणी झाले.

१८४६ साली त्यांचा हॅरिएट होम्स यांच्याशी विवाह झाला. त्यांस नऊ अपत्ये झाली. १८५४ च्या सुमारास हे कुटुंब लंडनजवळील विंबल्डन या खेड्यात राहावयास गेले. तेथे सायंकाळी गावकऱ्यांसाठी व्याख्याने, वाचनगृह, आणि गावाचे स्वतःचे संग्रहालय, असे उद्योग त्यांनी चालविले. गावोगावी लहान संग्रहालये कशी उभारावी यावर १८६३ मध्ये त्यांनी एक पुस्तिकाही लिहिली. आसपासचे दगड, वनस्पती, पक्षी, जुन्या वस्तू गोळा करून नावानिशी मांडाव्या, एवढाच तिचा आशय. आमच्या शाळेच्या कपाटात वैनगंगेच्या पात्रातील गोटे, भरवेलीच्या मँगनीजचे काळे ढेकूळ आणि सालाच्या बिया एकत्र पडलेल्या आहेत. त्यांवर चिठ्ठ्या लावण्याचे काम यंदा तरी कोणी अंगावर घ्यावे.

कानात होणारे नाद हे टॉयनबी यांना न सुटलेले कोडे होते. काही रोग्यांच्या कानांत अखंड शिट्टी, घंटा किंवा धबधब्याचा आवाज चालू असतो. त्यास उपाय नव्हता. आजही पूर्ण उपाय नाही. असे रोगी त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा येत आणि त्यांस रिकाम्या हाताने परत पाठविणे टॉयनबी यांस असह्य होत असावे. औषधाची वाफ हुंगून, नाक मिटून, ती जोराने कंठकर्णनलिकेच्या वाटे मधल्या कानात लोटावी, तर नाद शमतील काय? हा प्रयोग रोग्यांवर करण्यापूर्वी त्यांनी स्वतःवर आरंभिला. एकट्या क्लोरोफॉर्मचा अनुभव घेऊन झाला होता. मग त्यात हायड्रोसायनिक आम्ल हे जालीम विष मिसळून पाहावयाचे त्यांनी ठरविले.

७ जुलै १८६६ रोजी लंडनमधील सॅव्हिल रो येथील आपल्या तपासणीच्या खोलीत ते एकटेच होते. लोकांच्या ध्यानात आले तेव्हा ते कोचावर गतप्राण पडलेले होते. चेहऱ्यावर कापूस होता. जवळ वेळ मोजण्यासाठी उघडे ठेवलेले घड्याळ आणि प्रयोगाची टिपणे सापडली. वय पन्नास वर्षांचे. ज्या नळीचा त्यांनी जन्मभर अभ्यास केला, तिच्याच वाटे औषध पोहोचविण्याच्या खटपटीत त्यांचा अंत झाला.

या मृत्यूची थोरवी पुष्कळांनी गायिली आहे. आम्हांस ती मान्य आहे, तथापि मन एका ठिकाणी अडखळते. नऊ मुलांचा बाप, अनुभवी वैद्य, विषाची शक्ती पुरती जाणणारा. त्याने सोबतीस एक मनुष्यही ठेवू नये? दाराबाहेर कोणी बसला असता तर कदाचित अनर्थ टळला असता. रोग्याचा जीव धोक्यात घालावयाचा नाही हा त्यांचा निग्रह निःसंशय उदात्त होता. आपला जीवही कोणाच्या तरी हवाली आहे, याचा त्यांस त्या दिवशी विसर पडला असे म्हणावे लागते.

त्यांचा मुलगा आर्नल्ड तेव्हा तेरा वर्षांचा होता. मोठेपणी तो अर्थशास्त्राचा इतिहासकार झाला; औद्योगिक क्रांती हा शब्दप्रयोग इंग्रजीत रूढ होण्यास त्याची व्याख्याने कारणीभूत झाली. मजुरांच्या वस्तीत जाऊन काम करण्याची ओढ त्याने बापाकडून घेतली असावी. तोही १८८३ साली तिशीतच वारला आणि पुढल्या वर्षी पूर्व लंडनमध्ये त्याच्या स्मरणार्थ टॉयनबी हॉल ही संस्था निघाली. दुसरा मुलगा पॅजेट दांतेच्या काव्याचा अभ्यासक म्हणून प्रसिद्धीस आला. धाकटी मुलगी ग्रेस ही पाण्यातील जंतूंवर संशोधन करणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी एक. जगातील संस्कृतींच्या उदयास्ताचा बारा खंडांत विचार करणारे आर्नल्ड जे. टॉयनबी (१८८९–१९७५) हे जोसेफ यांचे नातू.

वडिलांच्या मृत्यूनंतर कानांचा तो संग्रह लंडनच्या शल्यवैद्यांच्या राजविद्यालयातील संग्रहालयात राहिला. मे १९४१ मध्ये जर्मन विमानांच्या बाँबवर्षावात त्या संग्रहालयाची मोठी हानी झाली आणि त्यात टॉयनबींनी जतन केलेले बहुतेक कानही नष्ट झाले. १८५७ साली छापलेली सूची तेवढी शिल्लक आहे. कोणत्या क्रमांकाच्या बाटलीत कोणता कान होता, त्यात पडदा कसा होता, हाडे हलत होती की नाही, हे तीत एकामागून एक लिहिलेले आढळते.